पप्पा, तुमचा परिचय मीच लिहिला होता

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्ही जाऊन दीड वर्ष होत आलं आणि मी आज पहिल्यांदा पत्र लिहितेय. आधीच सांगते, मी दमलेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. शाळा, मग शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, मग गुडघ्याचा शेक, मग परत शाळा. त्यात काल भजन स्पर्धेच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"मॅडम, येत्या रविवारी स्पर्धा. यंदा परीक्षक म्हणून तुम्ही. मास्तरांच्या खुर्चीवर मास्तरांची मुलगी! तुमचा परिचय तेवढा पाठवून द्या. जरा वजनदार पाठवा."

मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळानं मोबाईलवर पत्रिका आली. वरती ठळक अक्षरात छापलंय, 'ख्रिस्तवासी संगीत विशारद याकोबमास्तर स्मृतिचषक'. खाली परीक्षकांच्या यादीत मी, 'संगीत विशारदांच्या कन्या व शिष्या'. वाचून मी भाजी चिरायची सोडून खाली बसले. म्हणून हे पत्र.

पप्पा, तुम्ही विशारद नव्हतात. हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता एकटीलाच ठाऊक आहे.

तुम्ही चौथी शिकलात. श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढलात आणि गळीत हंगाम संपला की घरात पेट्या उघडून बसायचात. जिल्ह्यातल्या कुठल्या चर्चची पेटी तुमच्या हाताखालून गेली नाही? भाता फाटलेल्या, पट्ट्या अडकलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. एकेक सूर काढून, कानाशी धरून, घासून परत बसवायचात. आई वैतागायची. जेवायला बसायला जागा नाही, सगळीकडे पेट्यांची पोटं उघडी! तुम्ही हसायचात आणि ताट मांडीवर घ्यायचात.

तुमचं ज्ञान तेवढंच आणि तिथलंच. कान! त्या कानासाठी लोक तुम्हाला परीक्षक म्हणून बोलवायचे, आणि तुम्ही जाऊन खुर्ची उलटी करायचात. गाणाऱ्यांकडे पाठ करून बसायचात. कुठली मंडळी कुठल्या गावची, कुणाचा पाळक कोण, कुणाची साडी कसली, काही बघायचं नाही. गुणपत्रिकेत 'गणवेश' असा रकाना असायचा, तो तुम्ही दर वर्षी कोरा ठेवायचात. संयोजकांनी एकदा विचारलं तर म्हणालात, "कापडं मला ऐकू येत न्हाईत." अख्खा हॉल हसला होता. मीही हसले होते, पण मला थोडी लाजही वाटली होती. ते तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

मग नवी कमिटी आली. आधी परीक्षकांचं नाव घेतलं की झालं, लोक टाळ्या वाजवायचे. नव्या कमिटीनं परिचय वाचायची पद्धत पाडली. कुणाची कितवी परीक्षा, कुणाचे गुरू कोण, कुणाला कुठे शाल मिळाली. पुढे पुढे तर परिचय भजनापेक्षा लांबायला लागले. एका वर्षी एका परीक्षकांचा परिचय इतका वेळ चालला की पहिल्या मंडळाच्या तबल्याचा सूर थंडीनं उतरला, असं तुम्हीच सांगायचात. आणि हे सगळे परिचय टाइप कोण करायचं? मी! मराठीची शिक्षिका, शाळेत कॉम्प्युटर, फुकट काम करणारी.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेत तुमच्याबरोबर दोन परीक्षक होते. एक संगीताच्या प्राध्यापिका, एक रेडिओवर गाणारे. त्यांचे परिचय पानपानभर आले. तुम्हाला विचारलं तर तुम्ही स्क्रू आवळता आवळता म्हणालात, "लिही, कारखान्यात फिटर हुतो. पेट्या दुरुस्त करतो. बास."

ते दोन परिचय आणि त्यांच्या खाली तुमची ही एक ओळ. पप्पा, मला ते पाहवेना. आमचे हेडमास्तर येणार होते, शाळेतल्या बायका येणार होत्या. मी लिहिलं, 'संगीत विशारद'. दोनच शब्द. पुढे 'नामवंत गुरूंकडे प्रदीर्घ तालीम' असंही घातलं. नामवंत गुरू! तुमचे गुरू म्हणजे आजोबा, आणि ते विहिरी खणायचे.

निवेदकानं ते माइकवर वाचलं. तुम्ही खुर्ची उलटी करणारच होतात, ते थांबलात. तुम्ही उठायला लागलात. मला कळलं, तुम्ही माइक मागणार. मी तिसऱ्या रांगेत होते. मी तुमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नका म्हणून. एवढीशीच हलवली, शेजारच्या बाईलाही कळली नसेल. तुम्ही परत बसलात.

लिहिलं ते मी घाईत लिहिलं, असं म्हणता येईल. पण मान मी शुद्धीत हलवली.

चहाच्या सुट्टीत मार्थाबाई आल्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या मंडळाच्या पुढारी, भात लावून काळवंडलेले हात, सोबत त्यांची चौदा वर्षांची लेक एस्तर. त्यांच्या मंडळाची पेटी तीच वाजवत होती. तुमच्यासमोर दोघी कशा उभ्या होत्या, आठवतं?

"साहेब, तुमी विशारद हायेत. हिला परीक्षेला बसवायचीय. आमच्याकडं कोन न्हाई शिकवायला. पंधरा दिसांनी येष्टीनं आनीन मी हिला. तुमी म्हनाल तितं बसंल."

तुम्ही त्या मुलीच्या हाताकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बाई, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

"का वो? पोरगी कमी पडती का?"

"तसं न्हाई. मी परीक्षेचं शिकवत न्हाई."

मार्थाबाईंचा चेहरा उतरला. "आमी डोंगराकडची मानसं. कळलं, साहेब." असं म्हणून त्यांनी एस्तरचा हात धरला आणि चहा न घेता निघून गेल्या. तुम्ही दोन पावलं त्यांच्या मागे गेलात आणि थांबलात. मी बशीतलं बिस्कीट हातात घेऊन उभी होते. मी एक शब्द बोलले असते तर? पण मी ते बिस्कीट खाल्लं, पप्पा! आजही मला ते खाल्लेलं आठवतं.

घरी येताना स्कूटीवर मागे बसून तुम्ही म्हणालात, "परीक्षेच्या फॉर्मवर गुरूची सही लागती, सुशे. मी कशाची सही करू?" एवढंच. ना ओरडलात, ना बोललात. एक थोबाडीत द्यायची होती! मी बेचाळीस वर्षांची होते म्हणून काय झालं? तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. माझी चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत आणि मला ती कबूल करायला जागाच ठेवली नाहीत. हे तुमचंही चुकलं. आज लिहायला बसलेय तर लिहूनच टाकते.

त्यानंतर तुम्ही एकदाही परीक्षक म्हणून गेला नाहीत. बोलावणं आलं की म्हणायचात, "आता डोळ्याला दिसत न्हाई." आणि कुणालाही प्रश्न पडला नाही, की पाठ करून बसणाऱ्या माणसाला डोळे हवेत कशाला? मला पडला होता. मी विचारला नाही.

तुमच्या अंत्यविधीला सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. तुम्ही तिथे पेटीत निजलेले, आणि ते म्हणाले, आपल्या समाजातले संगीत विशारद गेले. लोकांनी माना डोलावल्या. मी रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय. रडतही होतेच.

आता पुढचं ऐका. पत्रिकेबरोबर सेक्रेटरींनी यंदाच्या मंडळांची यादी पाठवलीय. त्यात अकोल्याचं मंडळ आहे आणि पुढाऱ्याच्या रकान्यात मार्थाबाईंचं नाव आणि नंबर. आज सकाळी शाळेत जायच्या आधी मी फोन लावला.

मी कोण ते सांगितलं. मार्थाबाईंनी नाव परत विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तर गेले म्हनं. ऐकलं आमी. देव त्यांला विसावा देवो." आवाज कोरडा होता.

मी विचारलं, "एस्तर कशी आहे?"

"बरी हाय. संगमनेरला दिली. दोन पोरं हायेत. पेटी? न्हाई. तवापासून हात लावला न्हाई तिनं. तिच्या आज्याची पेटी तशीच हाय माळ्यावर. म्हनती, येवढ्या मोठ्या मानसानं ऐकून न्हाई म्हटलं, मंग आपल्यात काय न्हाईच."

मी तिथंच सांगून टाकलं. ते विशारद नव्हते. मी लिहिलं होतं. ते बोलायला उठले तर मी त्यांना बसवलं. त्यांनी एस्तरला नाही म्हटलं ते सही करता येणार नाही म्हणून. सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, फोन ठेवतील.

"म्हंजी मास्तर तुझ्यापायी गप बसले व्हय?"

"हो."

"आन आमी इतकी वर्सं त्यांला घमेंडखोर म्हनत बसलो. लई बोललो गं बाई आमी त्यांला. लई वंगाळ बोललो." त्या रडायला लागल्या. मग एकदम रागावल्या. रागावणारच. "तुझं काय गेलं गं? तुझी लाज राह्यली. माझ्या पोरीचं सगळं ग्येलं." बरोबरच बोलल्या.

मी म्हटलं, सेक्रेटरींना सांगून पत्रिका बदलून घेते. तर म्हणाल्या, "पत्रिका कोन वाचतंय? माइकवर वाचल्यालं माइकवरच सांग. समद्यांम्होरं. एस्तरला मी संगमनेरातनं घिऊन येती. तिला ऐकू दे."

दिवसभर शाळेत मी मुलांना काय शिकवलं, मला माहीत नाही. खरं सांगू? मला भीती वाटतेय. या वयात, सगळ्या समाजापुढे, स्वतःच्या तोंडानं. सेक्रेटरी म्हणतील, मॅडम, चषकावर नाव कोरून झालंय. काही म्हणतील, आता बाप गेल्यावर हे कशाला उकरायचं? तुमच्या नावाला बोल लागेल का, याचा मी फार विचार केला. पण तुमचं नाव 'फिटर' या शब्दानं कधीच लहान झालं नव्हतं. ते मला लहान वाटलं, तो दोष माझा. सेक्रेटरींना मी आत्ताच कळवलंय, की माझा परिचय मी लिहून देणार नाही, उभी राहून सांगेन. मग परीक्षकाच्या खुर्चीवर बसवायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

आणि एक आहे, पप्पा. त्या दिवशी स्कूटीवर तुमचं सहीचं बोलून झालं. चांदणी चौकातून पुढे आलो. मागून ट्रक येत होते, आणि तुम्ही माझ्या खांद्याला हात लावून आणखी एक वाक्य बोललात. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं. आजवर कुणालाही सांगितलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं.

"सुशे, असा हात मी जल्मात ऐकला न्हाई. त्या पोरीनं मला शिकवाय पायजे."

रविवारी हे वाक्य एस्तरला मिळेल. मी वचन देते, पप्पा, ते जसं तुम्ही बोललात तसंच सांगेन. तुमच्या बोलण्यातला एकही शब्द आता सुधारणार नाही.

याकोब फिटरची मुलगी,
सुशीला