चौदावी सुई

२६ जुलै १९८९
पोचले! पनवेलच्या स्टँडवर तुळशीराम घ्यायला आले होते. छत्री एकच होती. ती त्यांनी माझ्या ट्रंकेवर धरली आणि स्वतः भिजत चालले. पुरात घरं गेलेल्या कातकऱ्यांची छावणी नदीपलीकडे, एका बंद पडलेल्या भातगिरणीत आहे. फरशीच्या पुलावरून गुडघाभर पाण्यातून गेलो. मी साताऱ्याची, असं पाणी कधी तुडवलं नव्हतं. मला हसूच येत होतं.

गिरणीचं जुनं ऑफिस म्हणजे माझा दवाखाना, नर्स मी एकटीच. एक टेबल, एक स्टोव्ह, बाहेर पोरांची ही रांग! तुळशीराम शेजारच्या गावचे. छावणीचं सगळं तेच बघतात. खिचडी स्वतः ढवळतात, लहान पोरांना मांडीवर घेऊन भरवतात. त्यांची नात दिपा दिवसभर इथल्याच पोरांत खेळते. रात्री ताईला पत्र लिहिलं, माणसं फार चांगली भेटली म्हणून.

३० जुलै
जुलाब आटोक्यात आले. पाणी उकळून प्यायचं हे आयांना पटलंय. साळू नावाची एक बाई तर माझ्याआधी उठून चूल पेटवते. तिची शकू सहा वर्षांची. जलसंजीवनीची चव आवडते म्हणून पोट दुखल्याचं सोंग करते. गोवराच्या लशीला एकही पोर पळालं नाही. लस थर्मासात, मासळीबाजारातून आणलेल्या बर्फात ठेवतो. त्यामुळे दवाखान्याला बोंबलांचा वास येतो. शकू म्हणते, "बाय, तुजं औषध खारवलेलं हाय."

१ ऑगस्ट
दुपारी पंगत बसली असताना कुत्रं आत आलं. भुंकलं नाही. मान वाकडी, तोंडातून लाळ. सरळ पंगतीत घुसलं. शकूच्या गालाला धरून तिला ओढत नेलं. सोडवायला धावलेल्या चार पोरांचे हात-पाय फाडले. तुळशीरामांनी लोखंडी पहार आणली आणि कुत्र्याला मारलं. मेल्यावरही मारत राहिले. दोघांनी धरून त्यांना मागे ओढलं.

पाचही पोरांच्या जखमा साबणाने धूत राहिले. शकूचा गाल आतपर्यंत उघडा होता. कुत्रं पिसाळलेलं होतं यात मला शंका नाही. रोज एक अशी चौदा इंजेक्शनं पोटात द्यावी लागतील. ती लस पनवेलला, आणि पूल पाण्याखाली आहे.

५ ऑगस्ट
पाणी थोडं उतरलं. जैतू, शकूचा बाप, पोहत गेला आणि लस डोक्यावर बांधून घेऊन आला. चार दिवस वाया गेले. आज पहिली सुई. सुरज सगळ्यांत मोठा, नऊ वर्षांचा. तो आधी झोपला आणि रडला नाही, म्हणून बाकीचेही रडले नाहीत.

११ ऑगस्ट
पोटं सुजून टणक झालीत. सुई टोचायला जागा शोधावी लागते. शकूचा गाल भरतोय. तुळशीरामांनी आजूबाजूची सगळी कुत्री मारली, पिल्लंसुद्धा. त्यांच्यामागे आता गावातले वीस-पंचवीस जण असतात, हातात पहारी आणि काठ्या. मी म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं करतो. दिपाला त्यांनी छावणीत यायला बंदी केली आहे.

१५ ऑगस्ट
सकाळी शकू म्हणाली, गालात मुंग्या चालतात. दुपारी पाणी दिलं तर वाटी फेकली. गळा आवळल्यासारखी तडफडली. पुन्हा वाटी दाखवली— नुसती दाखवली— आणि तिचं अख्खं अंग ताठ झालं.

लस उशिरा मिळाली. जखम तोंडावर, मेंदूजवळ. मला माहीत होतं. साळूला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

१६ ऑगस्ट
शकूला दोरीने बांधावं लागलं. मध्येच शुद्धीवर येते, आईला हाक मारते. साळूने जवळ घेतलं तेव्हा तिच्या मनगटाचा लचका तोडला. दारात माणसं उभी होती. सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी तुळशीराम बोलायला आले. आवाज मऊ होता. म्हणाले, बाकीची चार पोरं आणि साळू, यांना बॉयलरच्या खोलीत कोंडा. मी समजावलं, पोरांना रोज लस मिळतेय, जखमा हातापायांना आहेत, दोनच सुया उरल्यात. ते ऐकत होते. मग म्हणाले, "शिष्टर, माजी नात यांच्याच ताटात जेवलीय."

पोलिसांकडे एकाला चिठ्ठी देऊन पाठवलं. पाणी पुन्हा चढतंय. तो परत आला नाही.

१७ ऑगस्ट
शकू पहाटे गेली.

जैतू टेकाडावर खड्डा खणायला गेला. साळू तिला फडक्यात गुंडाळून निघाली. अंगणात तुळशीरामांच्या माणसांनी अडवलं. कुणीतरी पाण्याची बादली तिच्यापुढे ठेवली. पी म्हणाले. साळू म्हणाली, "पोरीला पुरून येते, मंग पिते." ती पुढे निघाली. पहिली काठी पाठीत बसली. ती पडली, पण पोर सोडलं नाही. मी धावले. मला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं. पहार तुळशीरामांच्या हातात होती. मी ओरडत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

जैतू आला तेव्हा माती अंगाला लागलेली होती. दोघींना एकाच खड्ड्यात—

बाकीच्या आया पोरं घेऊन डोंगराकडे पळाल्या. चौघांना मात्र त्यांनी जाऊ दिलं नाही. रांगेत उभं करून पाणी पाजलं. सुरज भीतीने ठसकला. नुसता ठसकला. "लागलं, याला लागलं!" म्हणून ओरडले. मी त्याला ओढलं, बाकीच्यांना आत ढकललं आणि ऑफिसचं दार लावलं.

१८ ऑगस्ट
दाराला टेबल लावलंय. सकाळपासून घाव घालतायत. दार सागाचं आहे, पण—

सुरजने विचारलं, मी कुत्रा होणार का? म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

स्टोव्हवर सुई उकळली. आज चौदावी. एक झाली. दुसरी—

मागच्या झरोक्यावर टकटक. जैतू! शिडी लावून चढलाय. कपाळ फुटलेलं, डोळा बंद. बोलला एवढंच, "दे पोरां. मी नेतो." त्याची स्वतःची— तरीही—

सुई देते आणि वर उचलते. एक गेलं. दोन. तिसरी रडते, तिचं तोंड दाबलं—

सुरज राहिला. त्याने स्वतःच सदरा वर केला. दिली. संपल्या सगळ्या. त्याला वर ढकललं. जैतू म्हणाला, बाय, तू पन ये. झरोका अरुंद आहे, माझे खांदे जात नाहीत. जा म्हटलं. पळ.

दाराची वरची फळी निघाली. तुळशीरामांचा हात आत— कडी चाचपतोय—

ते टेकाडापलीकडे जाईपर्यंत इथे आवाज हवा. म्हणून मी मोठ्याने बोलतेय, पोरांशी बोलावं तशी. झोपा रे, झालं, आता दुखणार नाही—

कडी निघाली. टेबल सरकतंय— पोरं कुठायत म्हणून विचारतायत— मी नाही सां—