शून्यावरची सुई

मद्रास, १९६२. शुक्रवार, संध्याकाळ

दोष मीटरचा, म्हणे. जावई आज तोंड वर करून सांगून गेला, "सासूबाई, सुई अडकली होती. आम्ही काय करणार?"

गिंडीच्या कारखान्यात तो फोरमन. तारेत वीज आहे का ते बघायला त्यानं दिलेल्या मीटरची सुई शून्यावर दिसली, म्हणून त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या माझ्या मुलानं, व्यंकटनं तारेला हात लावला. तारेत वीज होतीच. व्यंकटच्या उजव्या हाताची बोटं आता वळत नाहीत. आज नातीनं बापाला भात भरवला.

व्यंकट म्हणतो, मीटर आधी वीज नक्की असलेल्या तारेवर लावून सुई हलते का ते बघायचं असतं. मी अडाणी, पण रिकामा तराजू बघितल्याशिवाय वांगी घेत नाही. सुई शून्यावर. बिघडलेलं मीटरही शून्यच दाखवणार, हे फोरमनला कळू नये? की घाई होती?

उद्या जावयानंच व्यंकटच्या उशाशी बसून उत्तर द्यायचं. माझ्या लेकीला पुढं करायचं नाही.