चांदोदला कबूल केलेली बाटली

मी, नलिनी विश्वंभर रणदिवे, वय एकाहत्तर, राहणार दांडिया बाजार, बडोदे, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. जिना चढताना दम लागतो, विचार करताना लागत नाही. पुढचा मजकूर माझ्याकडून कोणी लिहून घेतलेला नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, बाकीचे वाचून वाचून आले. वकील शर्वरीबाईंनी कायद्याच्या चुका काढल्या. इतर काही मी त्यांना काढू दिले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे पती कै. विश्वंभर एका कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. पुढे मी त्यांना 'हे' असेच लिहीन. जन्मभर त्यांचे नाव घेतले ते फक्त उखाण्यात.

कलम १. पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक माझ्या नावावर आहे, तो मुलगी मोहना हिला द्यावा. मुलगा शुभंकर ग्लासगोला असतो. "मला घर नको, आई," असे त्याने फोनवर सांगितले आहे. त्याने ते चांगल्या मनाने सांगितले. मला ते चांगले वाटले नाही.

कलम २. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी. त्यातून आधी माझे क्रियाकर्म उरकावे. तेराव्याला श्रीखंड नको. यांच्या वेळी पाहुणे वाटीवर वाटी मागत होते, आणि मी वाढत होते.

कलम ३. पुस्तके खंडेराव मार्केटातल्या चिमणाबाईला द्यावीत. ती भाजी विकते, माझ्याकडून पुस्तके नेते आणि खुणेला कोथिंबिरीची काडी ठेवून परत करते. काड्या झटकल्या की बाकी पुस्तक स्वच्छ असते. इंग्रजी-मराठी शब्दकोश तेवढा मोहनाने ठेवावा.

कलम ४. यांचे पाने, पक्कड आणि हातोडी जावई गोविंद यांना. खरे तर ती शेजारच्या हिंमतरावांना द्यायची होती, ते यांचे कारखान्यातले सोबती. पण ते या कागदाचे साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. जावयांनी ती हिंमतरावांना मागतील तेव्हा वापरायला द्यावीत.

कलम ५. बाटली.

"बाई, मृत्युपत्रात दारू कशी लिहिणार? आपण गुजरातमध्ये आहोत," शर्वरीबाई म्हणाल्या.

"मग काय लिहू? कोकम सरबत?"

त्या हसल्या, पण पेन खाली ठेवले. म्हणून हे कलम मी माझ्या हाताने लिहिते आहे.

ही सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की आहे. तिकडच्या एका बेटावरच्या कारखान्याने एकाच वर्षापुरत्या, मोजक्याच बाटल्या काढल्या होत्या. शुभंकर पावसात रांगेत उभा राहिला तेव्हा त्याला एक मिळाली. इथे दारूबंदी, पण प्रकृतीच्या कारणाने मिळालेल्या सरकारी परवान्यावर हे थोडी घेत असत, म्हणून त्याने ती यांच्यासाठी आणली. खोक्यावरचा मजकूर मी शब्दकोश घेऊन लावला. दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर धान्य सुकवतात. चव राखेची, समुद्राची आणि औषधाची.

मी म्हटले, "अहो, हे पिण्याचे वर्णन आहे की दवाखान्याचे?"

"बॉयलरचे आहे. तुला नाही कळायचे," हे म्हणाले.

शुभंकर म्हणाला, "बाबा, पुढच्या खेपेला दोघे मिळून फोडू." हे थांबले. रोज पुसून ठेवायचे. हिंमतराव चिडवायचे, "रणदिवे, बाटली आहे की देव? नैवेद्य दाखवतोस की नाही?" पुढची खेप काही आली नाही. हे गेले.

दहावा दिवस चांदोदला, नर्मदेच्या काठी झाला. कावळे भरपूर होते, पण पिंडाला एकही शिवेना. माझे दीर पिलाजीराव मोठ्याने म्हणाले, "दादा, वहिनीला सांभाळू!" कावळा हलला नाही. तो तरी का विश्वास ठेवील? मोहना म्हणाली, घर विकणार नाही. तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात शुभंकर पुढे झाला. रडत म्हणाला, "बाबा, मी घरी परत येईन, तुमच्या खुर्चीसमोर बसेन आणि ती बाटली फोडेन." कावळा उतरला. सगळ्यांनी पाहिले.

तो तेराव्यानंतर गेला, तो अजून आलेला नाही. दर रविवारी फोन करतो. "येतो गं, या दिवाळीत नक्की." मागच्या वर्षी म्हणाला, "आई, तिला आता चांगला भाव आला असेल, विकून टाक ना." मी विषय बदलला. मी त्याला कबुलीची आठवण करून दिली नाही. आठवण करून दिल्यावर पाळला तर तो शब्द माझा होतो, त्याचा राहत नाही.

मी भुताखेतांना मानत नाही. पण यांची खुर्ची मी सहा वर्षांत हलवलेली नाही.

यांच्याबरोबर यांचा परवानाही संपला. बाटली मी स्वतः सरकारी कचेरीत जमा केली आणि माझ्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज केला. डॉक्टरांनी विचारले, "आजी, त्रास काय?"

"झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"चांदोदपासून."

त्यांनी सही केली. बाटली सोडवून आणली तेव्हा पोळीत, म्हणजे आमच्या गल्लीत, आठवडाभर माझ्याच गप्पा होत्या. मी आजवर एक थेंब चाखलेला नाही. उन्हाळ्यागणिक बुचापाशी पातळी थोडी उतरते. पिलाजीराव म्हणाले, "वहिनी, कमी झालेली दिसते." मी म्हटले, "मग उन्हाळ्याला विचारा."

आता हा परवाना माझ्या हयातीपुरता आहे. मी गेले की मोहनाने बाटली एक दिवसही घरात ठेवू नये, तो गुन्हा होईल. ती कचेरीत द्यावी. तिथे जप्त केलेल्या दारूबरोबर त्या बाटलीवरही रोलर फिरेल. ती शुभंकरला पाठवू नये. कुणाच्या हाती नाही, विकून पैसेही नाहीत. बाहेरून येणाऱ्याला इथे तात्पुरता परवाना मिळतो, पण त्यासाठी माणसाला स्वतः यावे लागते. मला हा नियम आवडला.

कलम ६. बाटलीचे रिकामे खोके पिलाजीरावांना द्यावे. तेराव्याला "बाईमाणसाच्या घरी हे शोभत नाही" म्हणून ते बाटली पिशवीत घालत होते. खोके शोभेल.

कलम ७. माझा दहावा चांदोदलाच करावा. कावळा शिवला तर ठीक. नाही शिवला तर कोणी काहीही कबूल करू नये. शुभंकरने तर तोंडही उघडू नये. गुरुजींना लगेच दर्भाचा कावळा करायला सांगावे. मी त्यावर समाधान मानते, हे इथेच लिहून देते.

कलम ८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. शर्वरीबाईंनी याची एक प्रत शुभंकरला आजच पाठवावी. आठवण करून देणार नाही असे मी ठरवले होते, ते मोडते. शब्द माझा झाला तरी चालेल. मी यांची खुर्ची रोज पुसते. तिच्यासमोर दुसरी खुर्ची आजपासून मांडून ठेवली आहे.

सही: नलिनी विश्वंभर रणदिवे

आमच्यासमोर त्यांनी वाचून सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. हिंमतराव शिर्के, शेजारी
२. प्रतापसिंहराव घोरपडे, निवृत्त शिक्षक, घडियाळी पोळ

बडोदे, ९ फेब्रुवारी २०२६