इनॉकचे बूट

१९ ऑगस्ट १९१६, शनिवार

पडदे ओढले नाहीत. ओढणार नाही.

लष्कराच्या कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलंय. मेला असं कुठे लिहिलंय? सासूबाई समोरच्या घरातून दोनदा आल्या. “ॲडा, गल्लीत ज्यांचं माणूस गेलं त्या सगळ्यांनी पडदे ओढलेत. आपलीच खिडकी उघडी. बरं दिसतं का?” म्हटलं, ज्यांचं गेलं त्यांनी ओढावेत. काळा झगा अंगावर चढवूनच आल्या होत्या — स्वतःच्या मुलासाठी!

मग इनॉकचे खेळायचे बूट काढले. दर शनिवारी चरबी चोळायची, नाहीतर कातडं तडकतं — जाताना एवढंच बजावून गेला. सात हंगाम फुटबॉल क्लबचा पगारी खेळाडू. बायकोला काय लागेल ते सांगायचं राहिलं.

२२ ऑगस्ट

गिरणीत मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही विणकरणी ओठांनीच बोलतो. आज तीन माग पलीकडून मार्था शेजारणीला म्हणाली, “अजून ताट वाढून ठेवत असेल बिचारी.” मलाही ओठ वाचता येतात हे विसरली. मीही ओठांनीच म्हटलं, “मार्था, तुझा धागा तुटलाय बघ.”

तुटला माझा होता.

२६ ऑगस्ट, शनिवार

बूट. चरबी. उजव्याची नाडी बदलली.

३० ऑगस्ट

पायरी दगडाने घासून पांढरी केली. कालही केली होती. पोस्टमन आला — आणि पुढे गेला.

२ सप्टेंबर, शनिवार

जेबेझ आला. इनॉकबरोबर एकाच संघात, मग एकाच पलटणीत. हात गळ्यात बांधलेला.

“वहिनी, बसा जरा.”

“उभीच बरी आहे. बोला.”

जंगलाच्या कडेला एकजण सापडला म्हणे. गळ्यात नावाचा बिल्ला नाही. चेहरा — तिथे तो थांबला. “मी बूट काढले त्याचे. पायाच्या पट्ट्या सोडल्या. मॅच संपली की आम्ही अकराजण अंघोळीला एकाच हौदात. तोंडं चिखलाने भरलेली, वाफ एवढी की शेजारचा दिसत नाही. आम्ही एकमेकांना पायांवरून ओळखतो, वहिनी. गोलकीपरच्या तंगड्या तर बगळ्याच्या. आणि इनॉक सात वर्षं माझ्या समोर बसायचा, पाय हौदाच्या काठावर टाकून.”

“काय दिसलं?”

“व्रण. नडगीवर, विळ्यासारखा वाकडा.”

“कुठल्या पायाला?”

“डाव्या.”

“नक्की?”

“डोळे मिटले की हौद दिसतो मला. डावीकडे, काठावर, तो व्रण.”

इनॉकचा व्रण उजव्या नडगीवर आहे. ख्रिसमसच्या मॅचमध्ये कुणाच्या तरी बुटाचा खिळा घुसला होता. दोन महिने मीच धुतला, मीच बांधला. मी चुकेन होय!

त्याला केकचा आणखी एक तुकडा वाढला. तो माझ्याकडे बघत राहिला. “रडा, वहिनी. मोकळ्या व्हा.”

“चहा घेणार अजून?” मी विचारलं.

कुठल्या तरी दुसऱ्या बाईचा नवरा होता तो. देवा, क्षमा कर. मला आनंद झाला.

३ सप्टेंबर

सासूबाईंना सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं त्यांनी. “उजवा ना गं? मीही बघितलाय. उजवाच.” घरी गेल्या, झगा बदलून आल्या. काळा पेटीत ठेवला म्हणाल्या. मग दोघींनी मिळून खिडकीच्या काचा पुसल्या. त्या बाहेरून, मी आतून.

६ सप्टेंबर

मार्थाने ओठांनी विचारलं, “गातेस काय?” गात होते म्हणे.

९ सप्टेंबर, शनिवार

बूट त्याच्या खुर्चीपुढे ठेवले, टोकं माझ्याकडे, तो बसलाय असे. मी समोर जमिनीवर बसले, हौदात जेबेझ बसायचा तशी. चरबी घेतली. डावीकडचा आधी उचलला.

नवी नाडी. उजव्या पायाचा होता.

पडदे ओढले. समोरून सासूबाईंना दिसले असतील.