श्रीनाथचं रक्त

१२ ऑगस्ट, लातूर
तिसरंही गेलं. अडीच महिन्यांचं. सासूबाई दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाल्या, "तुझ्या माहेरातच काहीतरी हाय."

१६ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायको दोघांचीही गुणसूत्रं तपासायला सांगितली. श्रीनाथ म्हणाला, "पहिले तिचं रक्त घ्या. गरज पडली तर माझं." गरज! हा माणूस कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवतो. फळ्यावर रंगीत खडूंनी पेशीविभाजन काढतो — अर्धी गुणसूत्रं आईची, अर्धी बापाची. घरी आलं की बाप पुसून टाकतो.

४ सप्टेंबर
माझा रिपोर्ट आला. माझ्यात काही नाही.
आता श्रीनाथचं रक्त. तो म्हणतो, "मी धडधाकट हाय. मला काय झालंय?"
धडधाकट तर मीही होते!

९ सप्टेंबर
शेवटी मीच त्याला म्हणाले, तुझ्या वर्गात येऊन पोरांसमोर विचारते. गेला. रक्त देऊन आला. जेवला नाही. मी जेवले.

२९ सप्टेंबर
त्याच्यात आहे. चौथ्या गुणसूत्राचा तुकडा आठव्याला चिकटलाय, आठव्याचा चौथ्याला. एकूण काही कमी नाही, म्हणून हा धडधाकट. पण बीज तयार होताना जोड्या सुटतात, तेव्हा वाटणी चुकू शकते — एक तुकडा जास्त, एक कमी. तसा गर्भ टिकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुणाचा दोष नाही. चांगलं मूलही होऊ शकतं. यांच्या बहिणीतही असू शकतं, तिची तपासणी मात्र करून घ्या.
दोष नाही! मग इतके दिवस तो माझा कसा होता?
रिक्षात श्रीनाथ म्हणाला, "देगलूरला, तुझ्या माहेरी, बोलू नकोस. तुझंच नाव सांग."

३० सप्टेंबर
आमचं साटंलोटं. मी या घरात आले, आता यांची बहीण राजश्री माझ्या भावाला, मृत्युंजयला, द्यायची. दिवाळीनंतर लग्न. म्हणून माझं तोंड बंद!
त्यानं सासूबाईंना सांगितलं. त्या येऊन जवळ बसल्या. माझ्या केसांना तेल लावलं — चार वर्षांत पहिल्यांदा. "बाई, तुझं नाव तसंबी खराब झालंय. राजश्रीचं लगीन होऊन जाऊ दे."

१ ऑक्टोबर
तसंबी खराब झालंय.

३ ऑक्टोबर
राजश्री भाकरी थापत होती. वर बघितलं नाही. एक करपली, ती स्वतःच्या ताटात घेतली. तिला कळलंय. तिचा राग यायला हवा, येत नाही. पण माझ्या भावाला अंधारात ठेवणार नाही. लग्न मोडलं तर मोडो.

४ ऑक्टोबर
मृत्युंजयला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, राजश्रीनं मला सांगितलंय. रडून राहिली होती. तपासणी करू की, लग्नानंतर. पण आईला न्हाई सांगायचं. ती मोडून टाकंल. तुझंच नाव राहू दे ना."
फोन ठेवला. आईला लावला.