लाल फटफटी, शनिवारचं लिंबू आणि माझे वारस

मी, श्रीमती विमल बापूजी भोयर, वय आधार कार्डावर शहात्तर, खरं देवाले माहीत, शिक्षण दुसरी पास, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळखुटा, तालुका बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावलं नाही. मरायची घाईही नाही. उलट सध्या मी इतकी खूश आहे की सही वाकडी आली तर ती हसण्यानं आली असं समजावं.

कलम १. वावर आणि घर मुलगा विठ्ठल व मुलगी नलू यांना सारखं. त्यावर भांडण नाही. भांडण फटफटीवर आहे, म्हणून पुढची कलमं तिचीच.

कलम २. लाल फटफटी माझे मालक बापूजी यांची, त्यांच्यामागं माझ्या नावावर झाली. विठ्ठल ती भंगारवाल्या देवीलालले द्यायले निघाला होता. कारण, ती शनिवारी बंद पडते. शुक्रवारपर्यंत चांगली. शनिवारी किक मारून चप्पल तुटते, पण दिवा नाही, हारन नाही, आवाज नाही. विठ्ठल म्हणे, शनीची दृष्ट. दर शनिवारी सकाळी दिव्याखाली नवं लिंबू-मिरची तो आधीपासूनच बांधे. गाडी बंद पडू लागली तशी एकाची दोन केली. दोऱ्यातलं लिंबू आमची बकरी खाऊन टाके, म्हणून त्याच्या आधीच त्यानं तारेत ओवणं सुरू केलं होतं. हुशार आहे, बापावर गेला.

जावईबापूंनी फटफटीले हात न लावता बॅटरी बदलायले सांगितलं. नवी बॅटरी टाकूनही शनिवारी गाडी बंदच. नातू रजतनं मोबाईलात पाहून कार्बोरेटर खोलला. जोडल्यावर एक स्क्रू उरला, तो माझ्या देव्हाऱ्यात ठेवून दिला.

मग फटफटी ढकलत बाभुळगावले इम्तियाज मेकॅनिककडे. इम्तियाज भला माणूस. दुसऱ्याच्या देवाचं म्हणून तो आधी लिंबू-मिरची अलगद सोडवे, स्वच्छ फडक्यावर ठेवे, मग गाडीले हात लावे. नवा फ्यूज टाकला की चालू. विठ्ठल म्हणे, "पाहा माय, लिंबानं पीडा ओढून घेतली."

कलम ३. आता खुशीचं कारण. विठ्ठलची पोरगी अपेक्षा बाभुळगावले कॉलेजात जाते. एसटी चुकली की तिचा दिवस गेला, आणि एसटी रोज चुकते, कारण कधीकधी ती येतच नाही. तिले ही फटफटी पाहिजे होती. बाप म्हणे, पीडेची गाडी पोरीले देत नाही. मागच्या शनिवारी देवीलालचा टेम्पो दारात उभा राहिला, तशी ती पान्हा घेऊन बसली.

"आजी, पेट्रोल तं हाय." मग प्लग काढून इंजिनाले टेकवला. "रजत, मार किक." ठिणगी नाही. सीटखालचा फ्यूज पाहिला, जळलेला. नवा टाकून चावी फिरवली, टक्, तोही गेला.

"काहून उडते हा? काल तं चालू होती. आज सकाळून काय बदललं, आजी?"

मी म्हटलं, "लिंबू."

ती हसली, मग हसता हसता थांबली. दिव्याखाली वाकून पाहते तं काय! लिंबाची तार एकीकडं लोखंडाले गुंडाळलेली, दुसरं टोक वायरचं रबर झिजलं होतं तिथं टेकलेलं. टोक काळं पडलेलं.

"आजी, सारा करंट तारेतून सरळ लोखंडात जाऊन राह्यला! फ्यूज बिचारा दुसरं काय करंल?"

लिंबू काढलं, तिसरा फ्यूज टाकला, दुसऱ्या किकले फटफटी बोलली. बकरी दावं तोडून पळाली. देवीलालचा टेम्पो रिकामा गेला.

कलम ४. म्हणून फटफटी, पान्हे आणि बापूजींचं रेक्झिनचं जाकीट अपेक्षाले. तिचं लग्न झालं तर फटफटी तिच्यासोबत जाईल, सासरच्यांनी हरकत घेऊ नये. रजतले उरलेला स्क्रू. जावईबापूंले जुनी बॅटरी, सल्ल्यासहित परत. विठ्ठलले अंगणातलं लिंबाचं झाड, फळांसकट.

कलम ५. हे वाचून विठ्ठल उठला आणि अंगणातलं एक लिंबू तोडून आला. मले वाटलं, चिडला. मग म्हणतो, "माय, पोरगी एकटी रस्त्यानं जाईल. काही तं बांधू दे."

त्यावर मले हसू आलं नाही. म्हणून हे कलम वाढवलं. विठ्ठलनं दर शनिवारी खुशाल लिंबू बांधावं, पण दोऱ्यात. दोरा मी वळून देईन, कापूस घरचाच आहे. बकरीनं खाल्लं तर खाऊ द्यावं.

साक्षीदार: १) उकंडा मेश्राम, शेजारी. २) इम्तियाज शेख, मेकॅनिक. सही करताना इम्तियाज म्हणाला, "काकू, श्रद्धेची वस्तू, तिच्यात काय पाहाचं? मी तं जपून ठेवत होतो." त्याले दोष नाही.

लिहून देणार: विमल बापूजी भोयर (सही, वाकडी)
ठिकाण: बाभुळगाव. अपेक्षाच्या मागं बसून आले.
वार: शनिवार. एका किकमध्ये.