करमाडच्या बारवेतला डबा

मी, तनुजा इंद्रजीत औताडे, वय सव्वीस, सातवी पास, काम सैपाकाचं, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिवते. माझं डोकं ठिकाणावर हाय. डावा पाय ठिकाणावर नाय, पण कायद्यात डोकंच बघत्यात. कुणाच्या सांगण्यावरून लिवत नाय, कारण इथं सांगायला कुणी नाय.

मी करमाडच्या अलीकडं शेतातल्या जुन्या बारवेत अडकले हाय. अर्ध्यापर्यंत नीट पायऱ्या हायेत. पुढं भिंतीतून नुसते दगड बाहेर आलेले, त्यावरून कोनाड्यापर्यंत यायचं. मी आले, आणि माझ्या मागं त्यातले दोन दगड निसटून खाली पाण्यात गेले, डावा पाय मुरगळला. तिसरा हलतोय. कोनाड्यात दोन माणसं बसतील एवढी जागा. खाली हिरवं पाणी, मला पवता येत नाय. फोनला रेंज नाय. घरी सांगून आले की चिकलठाण्याला एका बारशाच्या सैपाकाला चालले. म्हणजे मी इथं हाय हे कुणालाच ठावं नाय.

ही वही डब्यातली हाय, पेन्सिल पण डब्यातली. डबा माझाच.

ज्याला म्हायती नाय त्याच्यासाठी सांगते. हा एक खेळ हाय. कुणीतरी डबा लपवतं आणि त्या जागेचे आकडे फोनवर टाकतं. आपण आकडे धरून जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची, आणि डबा व्हता तसा ठिवायचा. मला हे तात्यासाहेबांनी शिकवलं. औरंगपुऱ्यात त्यांच्याकडं मी चार वर्षं सैपाकाला व्हते. मोजणी खात्यातनं रिटायर झालेले, गुडघे गेलेले. म्हणायचे, "तनुजा, तू जा, मी फोनवर सांगतो." ते खुर्चीत, मी डोंगरात.

मृत्युपत्र कसं करायचं ते पण मी तिथंच बघितलं. त्यांनी केलं तवा चहा मीच दिला. वकीलसायेब म्हणाले, साधा कागद चालतो, फक्त दोन माणसांच्या डोळ्यासमोर सही करायची आणि त्या दोघांनी आपली सही करायची. मी मंग साक्षीला हुबी राहिले तर तात्यासाहेब म्हणाले, "तू नको. तुला मी ते आकडे दाखवणारं यंत्र देतोय. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

म्हणून मी खाली सहीची जागा सोडली हाय. दोन माणसं आली तर सही करीन. नाय आली तर हे नुसतं लिवलेलं राहील, आणि माझ्या श्रेयाचं काय करायचं ते ज्याला जसं वाटंल तसं करतील. त्याचंच मला भ्या वाटतंय.

कलम एक. माझी मुलगी श्रेया, वय सहा, तिच्या बापाकडंच राहील. तिला गावाकडं माझ्या सासूकडं, सरूबाईकडं, ठिवायचं नाय. शाळा लांब हाय म्हणून मला सातवीनंतर घरी बसवलं. नाला वलांडून सोडायला कुणी नव्हतं. लांब हाय हे कारण श्रेयाला कुणी सांगायचं नाय. मी लांबच्या एकशेबारा जागा हुडकल्यात. कमीत कमी बारावी करायची. माझी बहीण मंजुषा हिनं दर महिन्याला येऊन दप्तर उघडून बघायचं, तोंडी इचारून सोडायचं नाय.

कलम दोन. घर माझ्या नावावर नाय, म्हणून घराचं कलम नाय. बचत गटाचं पुस्तक पिठाच्या डब्यामागं हाय, ते श्रेयाचं.

कलम तीन. सासूबाई. त्यांना माझा मोठा कुकर. शिट्टी अडकती, बदलून घ्यावी. त्या आख्ख्या गल्लीत सांगायच्या, "नवऱ्याला डबा द्यायचा सोडून ही जगाचे डबे हुडकत फिरती, कचरा येचणाऱ्या बाया तरी काही घरी आणत्यात." ते मी विसरले नाय. आणि बाळंतपणात माझ्या पायाला तेल त्यांनीच लावलं, ते पण विसरले नाय. दोन्ही लिवून ठिवते.

घरी आणायचं म्हणाल तर एकदा मी आणला व्हता. पहिलाच डबा. मला वाटलं ज्याला सापडला त्याचा. बेगमपुऱ्याकडच्या एका भिंतीच्या फटीत घावला. घरी आणून राखेनं घासला, आतली वही ओली व्हती ती टाकून दिली, आणि हळद भरून ठिवली. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांना कौतुकानं सांगितलं. ते हसता हसता खोकायला लागले, मी पाणी दिलं. मंग म्हणाले, "अगं, त्या वहीत पाच वर्षांच्या सह्या होत्या." मला रडू आलं. त्यांनी नवी वही दिली, पहिल्या पानावर स्वतः लिहिलं की जुनी वही चुकून गेली, माफी असावी, आणि मला परत पाठवलं. हळद काढली तरी तो डबा अजून पिवळाच हाय. म्हणाले, "डबा आपला नसतो. सही तेवढी आपली."

कलम चार. तात्यासाहेबांनी दिलेलं यंत्र, दोरीला बांधलेलं लोहचुंबक आणि बारका चिमटा, हे सगळं इंद्रजीतला. माझ्या नवऱ्याला. त्यानं दिवाळीनंतर सांगितलं, "आता म्हातारा गेला. पुन्हा डबे हुडकायला गेलीस तर पोरीला आईकडं नेऊन घालीन." तवापासून मी खोटं बोलून जाते. इंद्रजीत वाईट माणूस नाय. वाळूजला रातपाळी करतो, दिवसा झोपतो, त्याला मी जागेपणी लई कमी दिसते. त्यानं हे यंत्र घेऊन एकदा, एकदाच, श्रेयाला बरोबर घेऊन एक डबा हुडकावा. सोपा निवडावा. मंग मला काय नाव ठिवायचं ते ठिवावं.

ऊन समोरच्या भिंतीवर आलं. सकाळी ते वरच्या पायरीवर व्हतं. बाटलीत चार घोट हायेत. पाय सुजून चप्पल निघंना. मी लई वेळ हाका मारल्या, पारवे उडाले, दुसरं कुणी नाय.

कलम पाच. हे कलम डब्याचं हाय.

शंभर डबे झाले तवा मी तात्यासाहेबांना इचारलं, "आता मी शिकाऊ नाय ना?" ते म्हणाले, "सापडणं सोपं असतं गं. स्वतःचा लपवशील तेव्हा बघू." त्यांना दावायच्या आधी ते गेले. मंग मी ही जागा निवडली. मला वाटलं, जितकी अवघड जागा तितकी मी मोठी. नाव दिलं 'तात्यासाहेबांचा डबा'. तीन जणांनी लिहिलं, नाही सापडला. मला बरं वाटायचं. भांडी घासताना आठवून हसायचे.

गेल्या आठवड्यात एका जोडप्यानं लिहिलं, फोनवर त्यांचं नाव 'सिडकोची जोडगोळी' हाय. "दोनदा आलो. डबा आहे तरी का? रविवारी शेवटचं बघतो." मला राग आला. आणि भ्या पण वाटलं, खरंच गेला असंल तर. म्हणून आज रविवार, ते यायच्या आधी बघून घ्यावं म्हणून आले. डबा जागेवरच हाय. मी त्याला हात लावला, आनंद झाला, आणि मागं दगड गेले.

इथं बसल्यावर कळलं. त्या लोकांना डबा सापडला नाय कारण ते शहाणे व्हते, या दगडांवर आलेच नाय. मी जागा हुडकली नाय, फासा लावला. आज मी अडकले, ते बरं झालं. त्या तिघांतलं कुणी असतं तर.

तात्यासाहेब मला कुठंबी पाठवायचे तर आधी इचारायचे, "वर चढायची वाट बघितलीस का? उतरायच्या आधी ती बघ." मी ते माझ्यासाठी लक्षात ठिवलं. दुसऱ्यासाठी नाय ठिवलं. मला वाटतं शिकाऊ माणूस एवढ्यावरच ओळखू येतो.

तरी हा डबा या जागेवर पुन्हा कुणी ठिवू नये. मी मेले तरी माझ्या आठवणीत ठिवू नये. फोनवर तो बंद करावा. आता हा हलणारा दगड हाय, तो वरून बघणाऱ्याला धड दिसतो. जोडगोळी आली तर त्यावरच पाय देणार. मी ऐकत बसले हाय. माणसांचा आवाज आला तर आधी वाचवा म्हणायचं का आधी उतरू नका म्हणायचं, ते ठरवून ठिवलंय.

कलम सहा. मंजुषाला माझी

इथं थांबले व्हते. आता वर, लिंबाच्या सावलीत बसून लिवते. कलम सहा पुरं करते. मंजुषाला माझी हिरवी साडी, पण आत्ता नाय.

झालं असं. वरून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, त्या कोनाड्यातच असणार, मी म्हणत होते ना, ते दगड बघा." आणि बुटाचा आवाज पायऱ्यांवर. मी जीव तोडून वरडले, "उतरू नका. दगड हलतोय. उतरू नका."

बूट जागच्या जागी थांबले. मंग पुरुषाचा आवाज, "कोण आहे?"

"डब्यावाली," म्हणले.

"कुठली डब्यावाली?"

"ज्याचा डबा तुम्हाला सापडंना, ती."

बाई वरून वाकून म्हणाल्या, "म्हणजे डबा आहे!" मंग त्यांना माझा पाय दिसला.

ते दोघं जाऊन शेजारच्या शेतातनं विहिरीचं सोल, म्हणजे जाड दोर, आणि दोन गडी घेऊन आले. कमरेला सोल बांधून मला वढून घेतलं. तो हलणारा दगड माझ्या पायाखाली गेलाच. डबा मी पदरात बांधला व्हता.

वर आल्यावर जोडगोळीतल्या वैजनाथभाऊंचा फोन घेऊन घरी लावला. इंद्रजीत झोपेत बोलला, "कोण?" मी म्हणले, "मी. करमाडजवळ बारवेत अडकले व्हते. बारशाला नव्हते गेले. डबा बघायला आले व्हते." खाट करकरली. मंग म्हणला, "कुठं यायचं ते सांग." मी त्याला आकडे सांगितले. त्याला कळंनात. मंग भाऊंच्या बायकोनं, उमाताईंनी, ते त्याच्या फोनवर पाठवले. तो गाडीवर निघालाय, श्रेयाला घेऊन. आल्यावर काय बोलंल ते बोलंल. मी कुठं हाय ते घरात पहिल्यांदा कुणाला तरी ठावं हाय.

उमाताई म्हणत्यात, "अहो, आता कशाला मृत्युपत्र, फाडून टाका." मी नाय फाडत. कलम एक जसंच्या तसं हाय, आणि इंद्रजीत आला की त्याला वाचून दावणार हाय. या दोघांना माझ्याकडनं काही मिळणार नाय, म्हणून ते साक्षीला चालत्यात. वैजनाथभाऊंनी इचारलं, "मग आमचा हा डबा सापडला धरायचा का?" मी म्हणले, वहीत सही करा, म्हणजे धरला.

हे सगळं मी शुद्धीत, दोघांच्या डोळ्यासमोर सही करून देते.

सही: तनुजा इंद्रजीत औताडे

साक्षीदार
१. वैजनाथ पारगावकर, सिडको. बाईंनी सही माझ्यासमोर केली. डबा तिसऱ्या खेपेला सापडला.
२. उमा वैजनाथ पारगावकर, सिडको. माझ्यासमोर सही केली. आम्ही उतरणारच होतो.

ठिकाण: करमाड शिवार, बारवेच्या वर
तारीख: १३ एप्रिल २०२५, रविवार, ऊन कलल्यावर